संतांचे सण, शास्त्रवाचन आणि ‘क्रिस्तपुराण’

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा (१६१६) परामर्श मराठी समीक्षेत व अध्यापनात बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीपर ओव्यांपाशीच थांबतो. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाचे उपासनाविधीशी असलेले नाते त्यामुळे दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात त्या नात्याचा विचार केला आहे.

पोप पाचवे पायस यांनी १५७० मध्ये प्रमाणित केलेल्या लॅटिन मिस्साग्रंथात बायबल सलग येत नाही. ते सणावारांनुसार वेच्यांत विभागले जाते. २९ जून रोजी, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला, ‘प्रेषितांची कृत्ये’मधील पेत्राच्या बंदिवासातून सुटकेचा प्रसंग आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील त्याची श्रद्धेची कबुली वाचली जाते. येथे सण व शास्त्रवचन यांचा मेळ नेमका साधला आहे. तथापि अनेक संतांच्या दिवशी हुतात्मे, कुमारिका अशा वर्गांसाठी ठरविलेली सामाईक वाचनेच योजिली जातात. परिणामी त्या संताचे वेगळेपण वाचनातून प्रकट होत नाही. शिवाय साष्टीतील सामान्य श्रोत्यास लॅटिन अनाकलनीय होती.

स्टीफन्स यांनी वेच्यांऐवजी सलग कथा दिली. योहान बाप्तिस्त याचा जन्म मिस्साग्रंथात २४ जूनच्या सणाचा विषय आहे. पुराणात तोच प्रसंग सृष्ट्युत्पत्तीपासून चालत आलेल्या कथेचा एक टप्पा ठरतो. रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये या ओव्या म्हटल्या जात. त्यामुळे त्या दिवसाचा प्रसंग समग्र कथेत कोठे बसतो, हे श्रोत्यास स्वभाषेत उमगू शकले.

याउलट, १६२९ पासून छापल्या गेलेल्या एतिएन द ला क्रुआ यांच्या पेत्रपुराणात संत हाच केंद्रस्थानी येतो. परंतु हिंदू मतांच्या खंडनाचा उद्देश त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच नमूद आहे. म्हणूनच या पुराणांकडे केवळ भाषाप्रेमाचे आविष्कार म्हणून पाहणे एकांगी ठरेल. धर्मप्रसार हे त्यांचे उघड प्रयोजन होते.

१९६९ च्या वाचनसंग्रहात रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आले व बायबलचा अधिक भाग उपासनेत समाविष्ट झाला. वेचे अपुरे पडतात, ही जाणीव त्यामागे होती. ‘क्रिस्तपुराणा’तील निवडक ओव्या शिकविताना आपणही एका सलग ग्रंथाचे वेचेच करीत असतो. ते कोठून उचलले आणि कोणत्या प्रसंगी गायिले जात, हे विद्यार्थ्यांस सांगितल्याविना या ग्रंथाचे मूल्यमापन अपूर्णच राहील.