प्रबंधातून हरवलेला ‘मी’

विद्यार्थ्याचा प्रबंध आणि मुरलेल्या संशोधकाचा लेख यांतले अंतर केवळ शब्दसंग्रहाचे नसते. केन हायलंड या भाषाभ्यासकाने हाँगकाँगमधील पदवीच्या विद्यार्थ्यांचे 64 प्रबंध छापील शोधनिबंधांशी ताडून पाहिले आणि आपले निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध केले. घरची भाषा एक आणि लेखन इंग्रजीत, अशी ही मुले. छापील निबंधांत लेखक स्वतःचा उल्लेख त्यांच्या सुमारे चौपट वेळा करीत होते. विद्यार्थी हेतू किंवा पद्धत सांगताना ‘मी’ लिहीत. मत मांडायची वेळ आली की तो ‘मी’ काढता पाय घेई.

मराठी प्रबंधांतही हा पळ ओळखीचा आहे. ‘प्रस्तुत संशोधकाकडून असा निष्कर्ष काढण्यात येत आहे’ हे वाक्य परिपत्रकाला शोभेल. प्रयोगाची कृती सांगताना कर्ता गाळला तर बिघडत नाही, हे मान्य. पण मताला धनी हवा. नाहीतर उद्या त्याचा जाब कोणाला विचारायचा?

यालाच विनय म्हणावे, तर पुढचेच वाक्य ‘यावरून सिद्ध होते’ असे असते. म्हणजे माणूस लपलेला आणि दावा मात्र छातीठोक! ‘युगान्त’मध्ये (1967) विदुर हा धर्मराजाचा पिता असावा, असे इरावती कर्वे सुचवतात, ते शंका म्हणूनच. पुरावा जेवढा, तेवढेच क्रियापद. ‘आहे’, ‘असावा’, ‘असू शकेल’ या पायऱ्या मराठीत आयत्या आहेत. विद्यार्थी वरच्या पायरीवर उडी मारतो आणि मधल्या विसरतो.

आपण सीमाभागातल्या वाचकांनी तर हे सहज ओळखावे. मराठीत ‘मला वाटते’, कन्नडमध्ये ‘ननगे अनिसुत्तदे’. दोन्हीकडे बोलणारा हजर असतो, पण कर्तेपणाची ऐट मिरवीत नाही. विनय आणि जबाबदारी एकाच वाक्यात नांदवण्याची ही सोय दोन्ही शेजारणींनी आपल्या घरात आणून ठेवली आहे. ती सोडून परिपत्रकाची भाषा उसनी घेण्याचे कारण काय?

मार्गदर्शकांनी एवढेच करावे. ‘मला वाटते’ या शब्दांवर तांबडी रेघ मारण्याऐवजी समासात लिहावे : ‘का वाटते?’ खरे संशोधन त्या उत्तरापासून सुरू होते.