एडक्याच्या पाठीवरचा हात

ग्रिमुर हाउकोनारसन या आइसलँडच्या दिग्दर्शकाचा ‘हृतार’ म्हणजे ‘एडके’ हा चित्रपट 2015 साली आला आणि कान महोत्सवात ‘अं सर्तें रगार’ विभागाचा मुख्य पुरस्कार त्याला मिळाला. कथा दोन ओळींत सांगण्याजोगी आहे. एका डोंगरी खोऱ्यात गुम्मी आणि किद्दी हे सख्खे भाऊ शेजारी-शेजारी मेंढ्या पाळतात. बांध एक, मेंढ्यांचं वाण एक, पण 40 वर्षं दोघांत बोलणं नाही. खोऱ्यात स्क्रेपी या मेंढ्यांच्या जीवघेण्या रोगाची लागण होते आणि सगळे कळप मारून टाकायचा सरकारी हुकूम निघतो. भावकीतला अबोला आपल्याला काही नवा नाही. मला हा चित्रपट मोठा वाटतो तो त्यातल्या हातांमुळे.

सुरुवातीलाच एडक्यांची स्पर्धा आहे. परीक्षक एडक्याच्या पाठीवरून बोटं दाबत नेतात, कण्याच्या दोन्ही अंगांनी मांस किती भरलंय ते चाचपतात, मागच्या मांड्या पकडून बघतात. मालक शेजारी अवघडून उभे. किद्दीचा एडका अगदी थोडक्यात जिंकतो. गुम्मीला ते सहन होत नाही. तो एकटाच त्या जिंकलेल्या एडक्यापाशी जातो आणि परीक्षकांसारखीच त्याच्या पाठीवरून बोटं फिरवतो. भावाचं जनावर आपल्यापेक्षा सरस कसं, हे त्याला स्वतः अजमावायचं असतं, आणि त्या चाचपण्यातच त्याला रोगाची शंका येते. असूयेने पुढे केलेला हात भीती घेऊन मागे येतो. सबंध कथेला कलाटणी देणारी ही गोष्ट दिग्दर्शक एका शब्दाशिवाय सांगतो. प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून येतो. गुम्मीच्या बोटांना ते आधी कळलेलं असतं.

छायालेखक स्तुर्ला ब्रांथ ग्रोवलेन कॅमेऱ्याला उगाच पळवत नाही. दूरवर पसरलेलं उघडंबोडकं खोरं, त्यात दोन घरं, मधे कुंपण, एवढंच बराच वेळ दिसत राहतं. गोठ्यात मात्र तो जवळ येतो. गव्हाणीत वाळलं गवत टाकणं, एडक्याचं कपाळ खाजवणं, त्याच्याशी हलक्या आवाजात बोलणं: गुम्मीचा दिवस असाच जातो. माणसांशी बोलताना चाचरणारा हा अविवाहित म्हातारा गोठ्यात शिरला की मोकळा होतो. गुम्मी साकारणारे सिगुरदुर सिगुर्योनसन आइसलँडमध्ये विनोदी नट म्हणून घराघरांत ओळखीचे. इथे दाढीआडच्या त्या चेहऱ्याला त्यांनी फार कमी हलू दिलंय.

हुकूम निघाल्यावर किद्दी अडून बसतो. गुम्मी आपला कळप परक्यांच्या हाती न देता स्वतःच मारतो. तो प्रसंग बघवत नाही. पण खरं कारण नंतर उलगडतं: काही निवडक मेंढ्या आणि एक एडका त्याने घराच्या तळघरात दडवलेले असतात. गोठे धुऊन-पुसून दोन वर्षांनी नवा कळप आणता येईल, सरकार भरपाईही देईल. पण तो कळप बाहेरचा असेल. आइसलँडच्या मेंढ्या नवव्या-दहाव्या शतकात पहिल्या वसाहतकऱ्यांनी बोटींतून आणल्या, आणि बाहेरच्या रक्ताची भेसळ त्यांच्यात फारच थोडी झाली. एका खोऱ्यातलं वाण बुडालं की पिढ्यान् पिढ्यांची निवड बुडाली. तळघरात गुम्मी मेंढ्यांपाशी एडका सोडतो, तेव्हा कोकरांच्या आशेइतकीच बापजाद्यांची निवड पुढे चालावी ही तळमळ त्यात असते.

भावांमधला निरोपांचा मार्गही बघण्यासारखा आहे. किद्दीचा कुत्रा तोंडात चिठ्ठी धरून या घरातून त्या घरात जातो. आणि एका रात्री किद्दी पिऊन बर्फात पडलेला असताना गुम्मी ट्रॅक्टर काढतो, पुढच्या लोडरच्या बकेटमध्ये भावाला उचलतो, तसाच गावातल्या दवाखान्यापर्यंत नेतो, दारात उतरवतो आणि निघून जातो. प्रेक्षक हसतात, आणि हसावंच. पण गुम्मीचे हात बघा. सबंध प्रसंगात ते ट्रॅक्टरच्या दांड्यांवर आहेत. भावाला मरू द्यायचं नाही, पण हातही लावायचा नाही, आणि या दोन्ही हट्टांना पुरून उरणारी वस्तू त्याला शेतकामातच सापडते.

चित्रपटातली एक उणीव मला जाणवते. खोऱ्यातले इतर शेतकरी फार पुसट राहतात. कळप गेल्यावर गाव सोडू पाहणाऱ्यांना दोन-चार वाक्यांवर भागवलंय, तिथे आणखी थांबायला हवं होतं.

शेवट कळला तरी रस उणावत नाही, म्हणून सांगते. मेंढ्या उघडकीला येतात, आणि दोघे भाऊ त्यांना घेऊन हिमवादळात डोंगरावर निघतात. मेंढ्या अंधारात हरवतात, गुम्मीही. किद्दी त्याला शोधतो, हातांनी बर्फ उकरून खड्डा करतो, त्याचे आणि स्वतःचे कपडे उतरवतो आणि आपल्या अंगाची ऊब देण्यासाठी त्याला कवटाळून त्याची पाठ चोळत राहतो. स्पर्धेत एडक्याच्या पाठीवरून फिरलेली बोटं इथे भावाच्या पाठीवर येतात. गुम्मी वाचतो का, हे दिग्दर्शक सांगत नाही. 2020 साली ऑस्ट्रेलियात याच कथेवर चित्रपट निघाला, त्यात हिमवादळाच्या जागी वणवा आहे. वणव्यात माणसं धावतात, एकमेकांना वाचवतात. पण उघड्या अंगाला अंग लावल्यावाचून जगणार नाही, अशी वेळ थंडीच आणते. मूळ कथेला थंडीवाचून पर्याय नव्हता.

मेंढ्या लपवणं बेकायदा होतं आणि धोक्याचंही. स्क्रेपीवर औषध नाही आणि तिचा संसर्ग गोठ्यात वर्षानुवर्षं टिकतो. दिग्दर्शक गुम्मीला त्यातून निर्दोष सोडत नाही. चित्रपटानंतर मात्र एक गोष्ट घडली. 2022 च्या सुरुवातीला पूर्व आइसलँडमधल्या एका कळपातल्या मोजक्या मेंढ्यांत ‘एआरआर’ हा स्क्रेपीला दाद न देणारा जनुकप्रकार सापडला. आता त्यांच्या वंशातले एडके वापरून आइसलँडचे शेतकरी नवे कळप घडवू लागले आहेत. आधीच्या दशकांत सरसकट मारलेल्या कळपांपैकी आणखी कशात तो होता का, हे मात्र आता तपासायला मार्ग उरलेला नाही.