‘यशस्वी’ म्हणजे नेमकं काय? एका जुन्या पेपरचं वाचन

आमच्या मुरुडकडं कडबाकुट्टीत बोटं गेलेला माणूस बघायला लांब जावं लागत नाही. म्हणून जॉन कॉबेट यांचा १९६९ चा पेपर मी जरा जास्तच मन लावून वाचला. इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड इथं १९६८ मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या पायाचा अंगठा काढून हाताच्या तुटलेल्या अंगठ्याच्या जागी बसवला. हाडाला हाड, कंडरेला कंडरा आणि सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक रक्तवाहिन्या जोडायच्या. काम मोठंच आहे. पण तुम्हाला संशोधन करायचंय, तर भारावून थांबू नका. तीन प्रश्न विचारा.

पहिला, पुरावा किती? शीर्षकातच ‘एका रुग्णाचा अहवाल’ असं म्हटलंय. एका रुग्णावरून ‘हे जमतं’ एवढंच कळतं. दहापैकी किती वेळा जमेल, हे त्यातून निघत नाही. संदर्भ देताना आपणच ते ओढूनताणून काढतो.

दुसरा, ‘पहिला’ कोण? शांघायमध्ये यांग दोंगयुए यांनी १९६६ मध्येच पायाचं दुसरं बोट हाताच्या अंगठ्याच्या जागी लावलं होतं. बाहेरच्या जगाला ते उशिरा कळलं. तेव्हा फक्त इंग्रजी पेपर चाळून ‘जगात प्रथमच’ असं कधीही लिहू नका.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. यश कशाचं? नंतरच्या मोठ्या मालिकांत ९५ टक्क्यांच्या पुढचे आकडे दिसतात. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये ‘९५ टक्के रुग्ण बरे झाले’ असं सांगून मी मोकळा झालो होतो. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “बरे म्हणजे?” मला उत्तर देता आलं नाही. तो आकडा रक्तपुरवठा टिकून बोट जगल्याचा होता. त्या बोटाला तवा तापलेला कळतो का, चिमटीत सुई धरता येते का, हे वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी चिमटीचा जोर मोजतात, आणि दोन टोकं वेगवेगळी जाणवायला किती अंतर लागतं तेही बघतात. कुष्ठरोगात संवेदना गेलेला हात हलतो, पण भाजलेलं त्याला कळत नाही. म्हणजे नुसतं हलणंही पुरेसं नाही.

आणि पायाचं काय? चालताना शेवटचा रेटा अंगठा देतो. दुसरं बोट घेतलं तर पायाचं नुकसान कमी होतं, पण हातात ते बारीक दिसतं. ढेकळांतून अनवाणी चालणाऱ्या माणसाला हा सौदा परवडेल का? पेपरच्या तक्त्यात पायासाठी रकाना आहे का, ते आधी बघा.

आता एक करा. हातातल्या पेपरमध्ये जिथं जिथं ‘यशस्वी’ आहे, तिथं प्रत्यक्षात काय मोजलं ते पेन्सिलनं लिहा. जिथं लिहिता येणार नाही, तिथं कदाचित तुमचा संशोधन प्रश्न सापडेल.