जुन्या ड्रमांचा रंग : मळ, वय आणि सत्य

जुनी वस्तु स्वच्छ करणें हा विषय सकृद्दर्शनीं टीकाकाराचा वाटत नाहीं. देवघरांतील समई चिंचेनें घासून लख्ख करावी, यांत वाद माजविण्यासारखें काय आहे, असें कोणीही विचारील. परंतु तीच चिंच घेऊन कोणी एखाद्या प्राचीन कांस्यमूर्तीच्या हिरवट काळसर अंगावर तुटून पडला, तर आपण त्याचा हात धरूं. समई व मूर्ति दोन्ही धातूच्याच. मग एकीच्या बाबतींत जो सद्गुण तोच दुसरीच्या बाबतींत अपराध कां ठरावा? याचें उत्तर धातूंत नाहीं. त्या वस्तूकडून आपण काय अपेक्षितों यांत आहे. समईकडून आपणांस प्रकाश हवा असतो. मूर्तीकडून इतिहासही हवा असतो. ज्या वस्तूकडून उपयोग व इतिहास हीं दोन्ही हवीं असतात, तेथें मात्र खरी पंचाईत होते. पाश्चात्य वाद्यमेळांतील जुने ड्रम ही अशीच एक वस्तु आहे. आणि तिच्या निमित्तानें स्वच्छता, रंगजुळणी व जीर्णोद्धार यांच्या नीतीचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारास एक लहानसा प्रसंग कारण झाला. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला, आणि जॅझ संगीताचें वेड या शहरांत रुजलें. गोमंतकीय वादकांनीं ती कला आत्मसात केली व पुढें चित्रपटसंगीतांत नेली. आमच्या परिचयांतील एका गृहस्थाचे वडील अशांपैकींच एक. त्यांच्या पश्चात् राहिलेला अमेरिकन ड्रमांचा संच मुलानें मोठ्या पितृभक्तीनें एका कारागिराकडे दिला व ‘अगदी नव्यासारखा’ करून मागितला. कारागिरानें जुनें वेष्टण सोलून नवें शुभ्र वेष्टण चढविलें. धातूचे भाग आरशासारखे केले. सर्वांस आनंद झाला. कांहीं महिन्यांनीं त्याच संचांतील एक छोटा ड्रम, जो मामाच्या घरीं पडून राहिला होता, परत आला. त्याचा रंग जुन्या हस्तिदंतासारखा झाला होता. दोन्ही शेजारीं ठेवले तेव्हां मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग एवढेंच म्हणाला कीं, वडिलांचा ड्रम काय तो हा एकच उरला. आतां तो विचारतो, या एकाला इतरांसारखा पांढरा करावा, कीं इतरांना याच्यासारखें पिवळें करावें? प्रश्न साधा आहे. परंतु त्याच्या पोटांत जीर्णोद्धाराचें सारें तत्त्वज्ञान आहे.

प्रथम या वस्तूचें अंतरंग पाहूं. ड्रमचें खोड लांकडाचे पातळ थर वांकवून केलेलें असतें. त्यावर कधीं रंगीत रोगण चढवीत, तर कधीं सेल्युलॉइडचें वेष्टण चिकटवीत. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकन कारखान्यांतून हें वेष्टण रूढ झालें, आणि शिकागोचे लुडविग व स्लिंगरलँड, ब्रुकलिनचे ग्रेच इत्यादिकांच्या ड्रमांना शिंपल्याच्या आंतील अंगाची झांक किंवा रुपेरी, निळी, तांबडी चमचम प्राप्त झाली. सेल्युलॉइड म्हणजे नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस व कापूर यांचें मिश्रण. ज्या द्रव्याच्या फितींवर आपले जुने मूकपट उतरले, तेंच हें. तें चटकन् पेटतें, काळानें आकसतें, आणि प्रकाशानें पिवळें पडतें. मग पांढरा मोती हस्तिदंती होतो. निळ्या चमकीवर पिवळी छटा चढून ती हिरवट दिसूं लागते. रुपेरी चमकीला तर अशी सोनेरी कांति येते कीं, अमेरिकेंतील वादकांनीं एका आल्याच्या पेयावरून तिला ‘जिंजर एल’ असें लाडकें नांव दिलें आहे. मौज अशी कीं, कारखान्याचा धातूचा बिल्ला किंवा ताणाच्या पेचांच्या बैठका काढल्या कीं त्यांच्या आड, जेथें प्रकाश पोंचला नाहीं तेथें, मूळच्या रंगाचा तुकडा बहुधा शाबूत सांपडतो. एकाच ड्रमवर त्याचें बालपण आणि वार्धक्य असें शेजारीं शेजारीं नांदत असतें.

या पिवळेपणांत दोन अगदीं भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्यांची गल्लत हीच बहुतेक अनर्थांचें मूळ होय. एक बाहेरून येऊन बसलेली: रंगशाळेंतील तंबाखूचा धूर, हातांचा घाम, धूळ, जुन्या पॉलिशचे थर. दुसरी आंतून उमललेली: खुद्द द्रव्याचेंच रूपांतर. पहिली मळ, दुसरी वय. दोहोंचा निवाडा करण्यास मोठी विद्या लागत नाहीं. कोमट पाण्यांत सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकावा, मऊ सुती फडकें त्यांत बुडवून घट्ट पिळावें आणि हलक्या हातानें पुसावें. फडक्यावर पिवळें उतरलें, तर तो मळ होता. फडकें स्वच्छ राहिलें आणि ड्रम पिवळाच राहिला, तर तें वय आहे. तेथें हात थांबला पाहिजे. या फडक्याइतका निःपक्षपाती परीक्षक आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

दुर्दैवानें हात थांबत नाहीं. ॲसिटोन किंवा रोगण पातळ करण्याचीं द्रावणें लाविलीं तर सेल्युलॉइड विरघळूं लागतें. पाणी सढळ वापरलें तर तें सांध्यांतून शिरून वेष्टण उचलतें. यंत्रावर जोरानें घोटलें तर घर्षणाच्या उष्णतेनें ज्वालाग्राही द्रव्याशीं खेळ होतो. जुन्या ड्रमांवरील निकेलच्या मुलाम्याला किंचित् पिवळसर, उबदार तेज असतें. क्रोमचें तेज निळसर व थंड असतें. हा भेद न जाणणारा मनुष्य निकेल इतकें घासतो कीं मुलामा जाऊन खालचें पितळ डोकावतें. रोगणावरील सोनेरी पट्टे बहुधा पितळी भुकटीचे. ते तर दोनचार घांसण्यांतच फडक्यावर येतात. याला स्वच्छता म्हणावयाचें तर पुसून गेलेल्या शिलालेखालाही स्वच्छ दगड म्हणावें लागेल.

जीर्णोद्धाराविषयीं युरोपांत दोन मतें प्रसिद्ध आहेत. फ्रेंच वास्तुविद् व्हिओले-ल-द्यूक यांच्या मतें जीर्णोद्धार म्हणजे वस्तूला पूर्णावस्थेस नेणें, मग ती अवस्था पूर्वीं कधीं प्रत्यक्षांत असो वा नसो. उलट इंग्रज टीकाकार रस्किन यांनीं १८४९ च्या आपल्या वास्तुविषयक ग्रंथांत जीर्णोद्धार हें एक असत्यच ठरविलें: जुन्याची काळजी घ्या, परंतु त्याला पुन्हा तरुण करण्याचा आव आणूं नका, असा त्यांचा भाव. रस्किनकडे आमचें मन ओढलें जातें. परंतु वाद्याच्या बाबतींत त्यांचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाहीं, हेंही मान्य केलें पाहिजे. भग्न देवालय भग्न स्थितींतही देवालयच राहतें. मुका ड्रम मात्र ड्रम राहत नाहीं. त्याचें कातडें फाटणारच. १९५७ च्या सुमारास वांसराच्या कातड्याच्या जागीं पॉलिस्टरचे पडदे आले आणि ते जुन्या ड्रमांवरही चढले. त्याबद्दल कोणी शोक केला नाहीं, व करण्याचें कारणही नाहीं. जें कामानें झिजतें तें कामासाठीं बदलावें. परंतु रंग कामानें झिजत नाहीं. तो काळानें पिकतो. म्हणून पडदा बदलण्यास जें समर्थन आहे तें वेष्टण सोलण्यास नाहीं.

आतां रंगजुळणीचा मुद्दा. संचांतील एखादा ड्रम हरवला आणि दुसरा आणावा लागला, किंवा वेष्टणाचा तुकडा उडाला, तर काय करावें? नवा तुकडा त्याच नांवाच्या रंगाचा असला तरी जुन्याशेजारीं तो उपऱ्यासारखा दिसतो. तेव्हां त्यावर पिवळसर छटेचें पातळ रोगण थराथरानें चढवून रंग जुळवितात. हें काम मोठें नाजूक आहे. विजेच्या पिवळ्या दिव्याखालीं तंतोतंत जुळलेले रंग दिवसाच्या उजेडांत फटकून वेगळे दिसूं शकतात. म्हणून दोन्ही प्रकाशांत पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये. जुना ड्रमही सर्वत्र सारखा पिकलेला नसतो. खिडकीकडची बाजू गडद, भिंतीकडची फिकी. आणि नव्याचेंही वय वाढणारच, तेव्हां आज जुळलेला रंग पुढें तसाच जुळेल याची शाश्वति नाहीं. तरीही आम्ही या कामास दोष देत नाहीं. संच हा एक मेळ आहे. त्यांतील एकच ड्रम ओरडून पुढें येऊं लागला तर डोळ्यांचा ताल चुकतो. मात्र जुळवावयाचें तें बिल्ल्याखालच्या मूळ रंगाशीं नव्हे, तर आज दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या रंगाशीं. धाकट्यानें वडिलांच्या पंक्तीला बसावें. वडिलांनीं केस काळे करून धाकट्याच्या पंक्तीला बसूं नये.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, नव्याला मुद्दाम जुनें भासविणें हें असत्य नव्हे काय? मळ व वय यांतील भेद एवढ्या निष्ठेनें सांगणाऱ्यानें कृत्रिम वयाची तरफदारी करावी हें विसंगत आहे. आक्षेप वजनदार आहे, आणि बाजाराकडे पाहतां अधिकच वजनदार वाटतो. बीटल्स मंडळींतील रिंगो स्टार यांनीं १९६३ सालीं लंडनच्या एका दुकानांतून घेतलेला, काळ्या शिंपल्याच्या छटेचा लुडविग संच डिसेंबर २०१५ मध्यें लिलावांत २० लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेला. जेथें वयाला एवढें मोल येतें तेथें खोटें वय विकणारेही येणारच.

याचें उत्तर आम्हांस इटालियन कलामीमांसक चेझारे ब्रांदी यांच्या विचारांत सांपडतें. त्यांचा जीर्णोद्धारावरील ग्रंथ १९६३ चा. चित्राचा उडालेला भाग बारीक उभ्या रेघांनीं भरावा, म्हणजे दुरून चित्र अखंड दिसतें आणि जवळ गेल्यावर भरलेला भाग ओळखूं येतो, ही त्यांच्या प्रेरणेनें रूढ झालेली रीति. डोळ्याला समाधान, परंतु जिज्ञासूला फसवणूक नाहीं. ड्रमला हीच नीति लावणें अगदीं सोपें आहे, कारण ड्रम आंतून पोकळ असतो. बाहेरून रंग जुळवावा, आणि आंतल्या लांकडावर स्वच्छ अक्षरांत लिहावें कीं, हें वेष्टण अमुक सालीं नवें चढविलें, छटा अमुक रीतीनें दिली. पडदा काढणाऱ्या प्रत्येकाला तें दिसेल. अनुकरण हें असत्य नव्हे. अनुकरण लपविणें हें असत्य होय.

राहिला आमच्या स्नेह्याचा प्रश्न. वस्तु त्याची, वडील त्याचे. त्याला हुकूम करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. सल्ला मात्र असा दिला कीं, मामाच्या घरून आलेल्या ड्रमला ओल्या फडक्यापलीकडे कांहीं लावूं नये. उरलेले ड्रम शुभ्र झाले आहेत. त्यांवर हस्तिदंती छटा चढवावयाची असेल तर खुशाल चढवावी, परंतु आंत तशी नोंद करावी. घाई तर मुळींच करूं नये. कारण न पुसलेलें उद्यां पुसतां येतें, पुसलेलें मात्र परत आणतां येत नाहीं.

त्यानें तो छोटा ड्रम आमच्यासमोर पुसला. फडक्यावर थोडा तपकिरी डाग आला. तो बहुधा जुन्या रात्रींचा धूर असावा. दुसऱ्या वेळीं फडकें पांढरें राहिलें. तेथें त्यानें तें बाजूला ठेविलें, आणि ड्रम पिवळाच राहूं दिला.