कर्ण : कुल, कर्तृत्व आणि नकार

मराठी वाचकाच्या मनातील कर्ण म्हणजे कुलाचा आधार नसताना केवळ स्वकर्तृत्वावर कीर्ती मिळविणारा पुरुष. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) आणि रणजित देसाई यांच्या ‘राधेय’ने (१९७३) ही प्रतिमा दृढ केली. महाभारताच्या संहितेत मात्र कुल आणि कर्तृत्व यांचा संबंध इतका सरळ नाही.

आदिपर्वातील रंगभूमीवर कर्ण अर्जुनाची सारी कौशल्ये करून दाखवितो. तरीही द्वंद्वापूर्वी कृपाचार्य त्याचे कुल विचारतात आणि तो मान खाली घालतो. उत्तर देतो तो दुर्योधन, अंगदेशाचे राज्य बहाल करून. म्हणजे कर्तृत्व सिद्ध झाल्यावरही प्रतिष्ठा येते ती राजाश्रयातून. जन्मसिद्ध अधिकाराची जागा येथे दुसऱ्याच्या कृपेने घेतली आहे, कर्तृत्वाने नव्हे.

कादंबरीकारांच्या सहानुभूतीतही एक अंतर्विरोध आहे. कर्णाचे तेज कवचकुंडलांतून आणि सूर्याच्या वारशातून उलगडू लागले, की त्याचे कर्तृत्व पुन्हा जन्माच्याच खाती जमा होते. मग अन्याय ठरतो तो एका क्षत्रियाला सूत मानल्याचा. सूताला अपात्र ठरविणारा नियम अबाधितच राहतो. खऱ्याखुऱ्या सूतपुत्राने असे शौर्य दाखविले असते तर त्याची बाजू कोणी घेतली असती, हा प्रश्न या वाचनात उपस्थितच होत नाही. ‘युगान्त’मध्ये (१९६७) इरावती कर्वे यांनी कर्णाचे उदात्तीकरण टाळले, ते या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

कर्णाची स्वार्जित प्रतिष्ठा शोधायची तर ती उद्योगपर्वात. कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून ज्येष्ठ पांडवाचे राज्यपद देऊ करतो. कुल आता खुले आहे. त्यावर कर्ण अधिरथाने केलेले जातकर्म, राधेचे वात्सल्य, सूतकुळातील पत्नी, पुत्र-पौत्र आणि दुर्योधनाचे ऋण यांचा हवाला देतो. पराभव दिसत असूनही तो नकार देतो. शिवाय हे रहस्य युधिष्ठिराला कळू नये, अशी विनंती करतो.

हा नकार त्याला निर्दोष करीत नाही. द्यूतसभेत द्रौपदीला उद्देशून त्याने काढलेले शब्द पुसले जात नाहीत. परंतु ते शब्द आणि हा नकार, दोन्ही त्याची स्वतःची कृत्ये आहेत. कीर्ती स्वार्जित मानायची तर अपकीर्तीही स्वार्जितच मानावी लागते. कर्णाला दैवाचा बळी ठरविणारे वाचन त्याच्या दोषांबरोबर त्याचे कर्तृत्वही काढून घेते.