क्रिस्तपुराणातील भाषाविवेक

धर्मप्रसार श्रोत्यांच्या आध्यात्मिक गरजेशी जुळवून घेतो, असे म्हणताना ती गरज निर्माण कशी झाली हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. साष्टीतील रायतूर येथे १६१६ साली मुद्रित झालेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ या दृष्टीने उद्बोधक आहे. जुनी पुराणे निषिद्ध ठरल्यामुळे त्यांच्या जागी तशाच धाटणीचे काही द्यावे, अशी विनंती ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीस करतो. म्हणजे उणीव बंदीने निर्माण केली. ती भरून काढण्याचे कार्य काव्याकडे आले.

ते करताना स्टीफन्स यांनी भाषाभेदाची सूक्ष्म जाण दाखविली. १६१९ मध्ये ते निवर्तल्यानंतर १६२२ साली प्रसिद्ध झालेली त्यांची प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिना क्रिस्तां’ कोंकणीत आहे. पुराणासाठी मात्र त्यांनी मराठी ओवी स्वीकारली. उपदेशाची भाषा आणि श्रवणभक्तीची भाषा त्यांनी एक मानली नाही. शब्दयोजनेतही हाच विवेक आढळतो. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यात त्यांना संकोच नाही. पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरितु सांतु’ हे परके पदच ते योजतात. जुन्या शब्दाबरोबर जुना सिद्धांत शिरण्याचा संभव दिसला, की रूपांतर थांबते.

म्हणून या ग्रंथास निव्वळ समन्वयाचे उदाहरण मानणे युक्त नाही. ओवी श्रोत्याची आहे, सिद्धांत मात्र तसूभरही ढळत नाही. तथापि १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने कोंकणीचाच त्याग करण्यास फर्माविले, हे ध्यानी घेता श्रोत्याच्या कानाचा मान राखणाऱ्या या ग्रंथाचे मोल कमी लेखता येत नाही.