आभासी गर्दीतील एकटा माणूस : निर्गमन-प्रतिमानांची चिकित्सा

डिर्क हेल्बिंग, इलेश फारकाश व तामाश विचेक यांचा घबराटीतील पलायनासंबंधीचा शोधनिबंध २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपत्तीच्या वेळी इमारतीबाहेर पडणाऱ्या माणसांचे संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्या अभ्यासात त्याचे स्थान मध्यवर्ती मानले जाते. म्हणूनच त्यात गृहीत धरलेला माणूस कसा आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

हा माणूस, म्हणजे या शास्त्राच्या परिभाषेतील ‘एजंट’, एक वर्तुळ आहे. त्याचे वस्तुमान ८० किलोग्रॅम. त्याला दाराकडे ठरावीक वेगाने जायचे असते. भिंती व इतर वर्तुळे त्याला दूर सारतात. अंगाला अंग लागले की घर्षण सुरू होते. हेल्बिंग व पेटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘सामाजिक बल’ या संकल्पनेचा हा विस्तार होय. इतक्या तुटपुंज्या सामग्रीतून निघालेला निष्कर्ष मात्र विलक्षण आहे. एक मीटर रुंदीच्या दाराकडे निघालेल्या एजंटांचा इच्छित वेग सेकंदाला दीड मीटरपलीकडे गेला की दारापाशी शरीरांची कमान तयार होते, फुटते, पुन्हा तयार होते. आणि प्रत्येकाच्या घाईमुळे सर्वांनाच उशीर होतो. दारासमोर किंचित बाजूला उभारलेला खांब निर्गमनास साहाय्यक ठरू शकतो, हा निष्कर्षही तितकाच अनपेक्षित. (प्रत्यक्ष प्रयोगांत त्याला नेहमीच दुजोरा मिळालेला नाही.)

खरी अडचण ‘घबराट’ या शब्दापाशी आहे. धुराने भरलेल्या खोलीत एजंट स्वतः वाट शोधेल की शेजाऱ्यांच्या मागे जाईल, हे निबंधात एका गुणांकाने ठरते. तो शेजारी कोण, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. वास्तवात तोच पहिला प्रश्न असतो. २ ऑगस्ट १९७३ रोजी आइल ऑफ मॅन बेटावरील समरलँड या करमणूक केंद्रास लागलेल्या आगीत ५० जण मृत्युमुखी पडले. तेथील लोकांच्या वर्तनाचा जोनाथन साइम यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. संकटात माणूस ओळखीच्या माणसांकडे व ओळखीच्या जागेकडे ओढला जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दाराकडे पाठ फिरवून मुलाला शोधणारी आई या समीकरणांत कोठेच बसत नाही.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या नाइट क्लबला २० फेब्रुवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत १०० जण दगावले. इतर दारे असूनही बहुतेक लोक ज्या मुख्य दाराने आत आले होते त्याच दाराकडे वळले आणि तेथे माणसांचा ढीग साचला. दार कसे तुंबते, हे प्रतिमान उत्तम सांगते. तेच दार का तुंबले, हे सांगत नाही.

यावर एक उपाय म्हणजे आभासी जगात एजंटांच्या सोबतीला खरा माणूस सोडणे. जॉन ड्र्युरी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा प्रयोगांत, ज्यांना इतरांविषयी आपलेपणा वाटला त्यांनी मदत अधिक केली व ढकलाढकली कमी केली. पडद्यावरील धुराने खोकला येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु वर्तुळालाही खोकला येत नाही.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. गर्दी घाबरतेच असे मानणारा व्यवस्थापक आगीची सूचना देण्यास कचरतो आणि बाहेर पडण्यासाठी हाताशी असलेला वेळ घालवतो. कुटुंब एकत्र आल्यावरच दाराकडे वळणारे एजंट पुढील काळातील काही प्रतिमानांत आले आहेत. ही जमवाजमव निर्गमनाच्या काळात भर घालते. जिन्याची व दाराची रुंदी ठरवताना तो काळ हिशेबात धरावा लागेल.